बर्लिनचा मोफत दवाखाना आणि ‘संस्था वाचवण्या’ची किंमत

मनोविश्लेषण म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो एक कोच, त्यावर पहुडलेला सधन रुग्ण आणि तासाला भरमसाट फी आकारणारा विश्लेषक. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही. परंतु या व्यवसायाचे शिक्षण आज जगभर ज्या पद्धतीने दिले जाते, ती पद्धत आकाराला आली ती एका अशा दवाखान्यात, जिथे आपल्याला काय परवडते हे रुग्णच सांगत असे. हा धागा त्या दवाखान्याविषयी आणि पुढे त्याचे जे झाले त्याविषयी.

सप्टेंबर १९१८. पहिले महायुद्ध संपत आले होते. बुडापेस्टला मनोविश्लेषकांची पाचवी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा उपस्थितांपैकी अनेक जण लष्करी गणवेशात होते. अंगावर जखम नसताना हातपाय थरथरणारे, वाचा गेलेले सैनिक त्यांनी इस्पितळांत पाहिले होते. या सैनिकांमुळेच सरकारी प्रतिनिधीही परिषदेला आले होते. तिथे सिग्मंड फ्रॉइडने एक मुद्दा मांडला : मनाचे आजार सार्वजनिक आरोग्याला क्षयरोगाइतकेच घातक आहेत, गरिबालाही त्यांवरील उपचारांचा हक्क आहे, आणि एक ना एक दिवस हे उपचार विनामूल्य द्यावे लागतील. शासनाला जाग येण्यास विलंब लागेल, तोवर खाजगी दानातून सुरुवात व्हावी, हेही त्याने सुचवले.

सुरुवात झाली बर्लिनमध्ये. १४ फेब्रुवारी १९२० रोजी पोट्सडामर श्ट्रासे २९ येथे माक्स आयटिंगॉन, कार्ल आब्राहाम आणि एर्न्स्ट झिमेल यांनी पॉलिक्लिनिक म्हणजे बाह्यरुग्ण दवाखाना उघडला. खोल्यांची सजावट फ्रॉइडचा वास्तुविशारद मुलगा एर्न्स्ट याने केली. खर्चाचा मोठा भार आयटिंगॉनने उचलला. त्याच्या घराण्याचा फरचा व्यापार होता. कारागीर, कारकून, शिक्षक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया असे नाना थरांतील लोक तिथे येत.

पहिल्या दहा वर्षांचा हिशेब संस्थेने स्वतःच छापला. १९५५ जणांची प्राथमिक तपासणी झाली आणि ७२१ जणांचे विश्लेषण सुरू झाले. त्यांपैकी ३६३ पूर्ण झाली, २४१ मध्येच सुटली, ११७ अद्याप चालू होती. पूर्ण झालेल्यांपैकी १११ जण बरे झाले, असे संस्थेचे म्हणणे. ४७ जणांच्या बाबतीत काहीच फरक पडला नाही, हेही तिने नोंदवले. हे आकडे आजच्या संशोधनाच्या कसोटीला उतरणार नाहीत. तरीही अर्धवट सुटलेले आणि फसलेले उपचार आपणहून छापणाऱ्या संस्था त्या काळी किती होत्या, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

रुग्ण वाढले तसे विश्लेषक कमी पडू लागले आणि त्या निकडीतून प्रशिक्षणाचा आराखडा बनला. उमेदवाराने प्रथम स्वतःचे विश्लेषण करून घ्यायचे, यासाठी १९२० मध्ये हान्स झाक्सला बर्लिनला बोलावण्यात आले. मग सैद्धांतिक अभ्यास. शेवटी अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर उपचार. हे रुग्ण अर्थातच दवाखान्यातले. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या सरकारी रुग्णालयात जे चालते, तेच इथेही चालले : गरिबाला उपचार मिळाले आणि शिकाऊ उमेदवाराला गरीब मिळाला. या व्यवहाराकडे भाबडेपणाने पाहू नये. १९२५ मध्ये आयटिंगॉनच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण आयोग नेमला गेला आणि बर्लिनची त्रिसूत्री सर्वांचा मानदंड ठरू लागली. गंमत अशी की, या नियमांच्या काटेकोर कसोटीवर खुद्द फ्रॉइड नापास झाला असता. १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोसही.

मग १९३३ आले. मे महिन्यात फ्रॉइडची पुस्तके जाळली गेली. बर्लिनमधील बहुसंख्य विश्लेषक ज्यू होते. संस्थेच्या नेतृत्वात ज्यू राहिले तर संस्थाच बंद पडेल, असा युक्तिवाद सुरू झाला आणि फेलिक्स ब्योम व कार्ल म्युलर-ब्राउनश्वाइग या दोन ज्यूेतर सदस्यांकडे सूत्रे गेली. ज्याच्या पैशावर सारे उभे राहिले, तो आयटिंगॉन पॅलेस्टाइनला निघून गेला. डिसेंबर १९३५ मध्ये उरलेल्या ज्यू सदस्यांना ‘स्वेच्छेने’ राजीनामे देण्यास सांगण्यात आले. त्या बैठकीचे अध्यक्ष होते आंतरराष्ट्रीय संघटनेचे प्रमुख अर्नेस्ट जोन्स. बर्नहार्ड काम या ज्यूेतर सदस्याने सहकाऱ्यांबरोबर स्वतःही राजीनामा दिला. म्हणजे दुसरा मार्ग उपलब्ध होता.

१९३६ मध्ये जे उरले होते, ते हेर्मान गोअरिंगचा चुलतभाऊ माथियास गोअरिंग याच्या नव्या संस्थेत विलीन झाले. ‘माइन काम्फ’ वाचणे सदस्यांसाठी अनिवार्य मानणारा हा मानसोपचारतज्ज्ञ. त्याच्या नावाच्या वजनावर व्यवसायाला सरकारी मान्यता आणि निधी मिळाला. शासन एक दिवस या उपचारांचा भार उचलेल, या १९१८ मधल्या भाकिताचे हे विडंबन होते. दवाखाना चालू राहिला, प्रशिक्षणही चालू राहिले. त्या दवाखान्याचा प्रमुख जॉन रिटमाइस्टर नाझीविरोधी गटात सामील झाला. १९४२ मध्ये तो पकडला गेला आणि १३ मे १९४३ रोजी त्याला मृत्युदंड देण्यात आला.

ब्योम आदींच्या बाजूने एक युक्तिवाद आजही केला जातो आणि तो हलका नाही. गोअरिंगच्या संस्थेत काम केलेल्या हाराल्ड शुल्ट्स-हेन्के आणि वेर्नर केम्पर यांनी १९४६ मध्ये बर्लिनमध्ये विमा संस्थेच्या आश्रयाने मानसिक आजारांचे केंद्र काढले. तेथील १००४ रुग्णांचा पाठपुरावा करून आनेमारी ड्यूर्सेन यांनी १९६२ मध्ये निष्कर्ष मांडले आणि १९६७ पासून पश्चिम जर्मनीच्या आरोग्य विम्यात या उपचारांचा समावेश झाला. म्हणजे फ्रॉइडने बुडापेस्टला मागितले ते, निदान एका देशात, तडजोड करणाऱ्यांच्याच वारशातून मिळाले, असे म्हणता येते.

तरीही ‘संस्था वाचली’ हे विधान मान्य होण्यासारखे नाही. या विद्येत संस्था म्हणजे इमारत वा नाव नव्हे. जिचे विश्लेषण झाले आहे अशी व्यक्ती दुसऱ्याचे विश्लेषण करते, तो तिसऱ्याचे. ही परंपरा गुरुशिष्यांसारखी माणसांतून वाहते. ती वाहून नेणारी माणसे १९३५ पर्यंत बर्लिनबाहेर काढली गेली होती किंवा आपणहून गेली होती. फ्रांत्स अलेक्झांडरने १९३२ मध्ये शिकागोत संस्था उभारली होती, शांडोर राडो न्यूयॉर्कमध्ये होता, आयटिंगॉनने जेरुसलेममध्ये नव्याने मांडणी केली. बर्लिनची पद्धत या गावांत वाचली. बर्लिनमध्ये उरली ती तिची पाटी, आणि काही वर्षांत तीही बदलली. या साऱ्यांसोबत मोफत दवाखाना मात्र पूर्णपणे गेला नाही. परक्या देशात, परक्या भाषेत पोट भरू पाहणाऱ्या निर्वासितांनी प्रशिक्षणाचे नियम जपले. फी ठरवण्याची रुग्णाची मुभा पुष्कळ ठिकाणी मागे पडली.

ऑक्टोबर १९३५ मध्ये गेस्टापोने एडिथ याकोबसन या बर्लिनच्या ज्यू विश्लेषिकेला प्रतिकार चळवळीशी संबंध असल्यावरून अटक केली. राजीनाम्यांची बैठक झाली, तेव्हा ती तुरुंगात होती. १९३८ मध्ये निसटून ती अमेरिकेला पोहोचली आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या मनोविश्लेषण संस्थेची अध्यक्ष झाली.