सेनगावच्या मोहल्ल्यातलं बाळ नांदेडला का पोहोचतं?

३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या विष्णुपुरी इथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. देशभर बातमी झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आपल्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथं गेले आणि अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतलं. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. बाळांचं काय झालं, हे मात्र फार कुणी विचारलं नाही.

रुग्णालयाचं म्हणणं असं होतं की बरीच बाळं शेवटच्या क्षणी, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि खासगी दवाखान्यांतून आली होती. नवजात विभागात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त बाळं होती. औषधं होती की नव्हती, डॉक्टर पुरेसे होते की नव्हते, याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. पण मला दुसरा प्रश्न पडतो. आपल्या सेनगावातून, एखाद्या मोहल्ल्यातल्या पत्र्याच्या खोलीतून निघालेलं बाळ सेनगाव, मग हिंगोली, मग नांदेड एवढा प्रवास करायची वेळ का येते?

बाळ जन्मल्यावर पहिल्यांदा काट्यावर ठेवतात. अडीच किलोच्या आत असेल तर ते कमी वजनाचं. दीड किलोच्या आत असेल तर घरचे लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात. असं बाळ अंग गरम ठेवू शकत नाही, नीट ओढून दूध पिऊ शकत नाही, आणि साध्या जंतुसंसर्गाने दोन दिवसांत हातचं जातं. राज्याचे आकडे तसे वाईट नाहीत. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली महाराष्ट्रात हजार जन्मांमागे ११ बाळं पहिल्या महिन्यात दगावली, देशात २०. पण राज्याची सरासरी म्हणजे पुणे-मुंबई आणि सेनगाव एका ताटात वाढल्यासारखं आहे.

बाळाचं वजन बाळंतपणाच्या दिवशी ठरत नाही. ते आईच्या वजनावरून, तिच्या रक्तावरून आणि तिच्या वयावरून खूप आधी ठरायला लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर बाया रक्तक्षयाच्या निघाल्या. आपल्याकडं बाई सोयाबीनच्या काढणीला जाते, हळद शिजवायच्या कढईजवळ उन्हात उभी राहते, वीटभट्टीवर जाते, सातवा महिना लागला तरी जाते. घरी आल्यावर सगळ्यांचं झालं की उरलेलं तिच्या ताटात. यात हिंदू-मुसलमान असा फरक मला तरी कधी दिसला नाही.

वयाचं बोलायचं तर शिक्षिका म्हणून मला ते हजेरीपटावरच दिसतं. आठवीनंतर मुलींची नावं गळायला लागतात. कुणी टीसी न्यायला येतं, कुणी तेही नाही. दीड-दोन वर्षांनी तीच मुलगी बाजारात दिसते, कडेवर बाळ, “सलाम बाजी” म्हणते. मी बाळाचे हात बघते, हाताला मांस आहे का. त्याच पाहणीत राज्यात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणी जिल्ह्यात तो आकडा ४८ टक्के होता. हिंगोली १९९९ पर्यंत परभणीचाच भाग होता, त्यामुळं आपण वेगळे आहोत असं समजायचं कारण नाही. तिचंच हाड अजून भरलेलं नाही, ती पोटातल्या जिवाला काय देणार?

आता मोहल्ल्याचं. आपल्या समाजाबद्दल एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नमूद आहे की शिक्षण आणि उत्पन्नात मागे असूनही मुसलमानांमध्ये बालमृत्यू सरासरीपेक्षा थोडे कमी आहेत. गरीब असून मुलं जास्त कशी जगतात? मायकेल गेरुसो आणि डीन स्पीअर्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचा माग काढला आणि २०१८ मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं. उत्तर होतं शेजारी. मुसलमान घरांत शौचालय वापरण्याचं प्रमाण जास्त, आणि मुसलमान एकमेकांजवळ राहतात, म्हणून त्यांच्या मुलांच्या आसपास उघड्यावरची घाण कमी. मुसलमानांच्या शेजारी राहणाऱ्या हिंदू घरांच्या मुलांनाही तोच फायदा मिळतो. म्हणजे आपल्या घरातल्या कमाईइतकंच शेजारच्या घराचं वागणं बाळाच्या जिवाला लागतं.

यावर खूश होऊन बसू नये. एक तर हा फायदा शौचालयाचा आहे, गटाराचा नाही. पावसाळ्यात तुंबलेली नाली उंबरठ्याला लागते आणि नळाला गढूळ पाणी येतं, तिथं तो फायदा किती टिकणार? दुसरं असं, की पहिल्या आठवड्यात दगावणारं बाळ बहुतेक वेळा कमी वजनामुळं, दिवस भरण्याआधी जन्मल्यामुळं किंवा जन्मताना गुदमरल्यामुळं दगावतं. तिथं शेजाऱ्याचं शौचालय फारसं कामी येत नाही. तिथं आईच्या ताटात काय होतं ते बघावं लागतं. आणि ताटाचं म्हणाल, तर डॉ. महमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये राज्य सरकारला सांगितलंच आहे की राज्यातले जवळपास ६० टक्के मुसलमान दारिद्र्यरेषेखाली आहेत.

मग गरिबी हटेपर्यंत थांबायचं का? गडचिरोली थांबली नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, दूध पाजायला मदत करणं, संसर्ग ओळखून औषध देणं. तिसऱ्या वर्षी तिथं नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या तीन वर्षांत गडचिरोली काही श्रीमंत झालं नव्हतं.

त्यावरूनच २०११ पासून आशा ताईंच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. आपला चिल्ला चाळीस दिवसांचा, म्हणजे जवळजवळ तेवढाच काळ. पण आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. नाव सासरच्या गावात नोंदवलेलं, बाळ माहेरच्या गावात. इकडच्या आशाला वाटतं ती तिकडं गेली, तिकडचीच्या यादीत तिचं नावच नाही. त्यात ताई मराठी बोलते, आतली सून दखनी बोलते आणि दारात सासू उभी. “बच्चा सो रहा, बाद में आव” म्हटलं की सातव्या दिवसाची भेट संपली. अकीक्याची दावत त्याच दिवशी असते, घरात शंभर माणसं बाळाला हात लावून जातात, वजन कुणी करत नाही. आणि घुट्टी म्हणून मध चाटवणं. डॉक्टर वर्षाच्या आत मध देऊ नका म्हणतात, तरी चालूच आहे.

पैशांचंही तसंच. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये आहेत, दुसरी मुलगी झाली तर ६०००. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, रक्त आणि गाडी मोफत आहे, आजारी नवजात बाळाचा उपचारही. पण शाळेच्या दाखल्यावर नावापुढं ‘बी’, आधारवर ‘बेगम’, बँकेत नुसतं ‘शेख’. एवढ्यावरून अर्ज परत येतो. हे मी स्वतः कितीदा दुरुस्त करून दिलंय. आमच्या नात्यातल्या एका मुलीचे पैसे बाळ चालायला लागल्यावर आले. सातव्या महिन्यात आले असते तर दूध-अंडी झाली असती.

रमजानमध्ये आपल्या गावांतून जकात निघते, थोडीथोडकी नाही. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजणाऱ्या आईच्या खाण्याकपड्याची जबाबदारी बापावर ठेवली आहे. बापच वीटभट्टीवर असेल तर बैतुलमालने ती उचलायला काय हरकत आहे? मोहल्ल्यात एका वेळी गरोदर बाया असतात किती, दहा? पंधरा? त्यांना रोज एक अंडं, एक पेला दूध, मूठभर शेंगदाणे-गूळ. आणि मोहल्ल्यातल्याच एका शिकलेल्या सुनेने आशा ताईबरोबर दारात जायचं, दखनीत दोन शब्द बोलायचे, वही ठेवायची. जुम्याच्या बयानात इमाम साहेबांनी एकदा मधाचं आणि एकदा लग्नाच्या वयाचं बोलावं. गटाराचं मात्र आपल्या पैशांतून करायचं काम नाही, ते नगरपंचायतीकडून भांडून घ्यावं लागेल.

येत्या जूनमध्ये माझ्या वर्गातल्या मुली नववीत जातील. त्यातल्या दोघींच्या घरी सध्या पाहुणे येऊन गेलेत, असं त्यांच्या मैत्रिणी सांगतात. या आठवड्यात मी त्यांच्या घरी जाणार आहे.