लहानपणीचा पोलिओ पन्नाशीत पुन्हा त्रास देतो? जाणून घ्या पोस्ट-पोलिओ सिंड्रोमबद्दल

समजा, कासारवाडीत राहणारा एक पन्नाशीतला कामगार आहे. लहानपणी पोलिओ झाला, उजवा पाय बारीक राहिला. तरी भोसरी एमआयडीसीतली नोकरी त्याने तीस वर्षं केली. आता मात्र नाशिक फाट्यापर्यंत चालतानाच पाय भरून येतात. शिफ्ट संपेपर्यंत 'चांगला' पायही साथ सोडतो. घरचे म्हणतात, "वय झालं, जरा व्यायाम वाढवा."

नेमका हाच सल्ला त्याला महागात पडू शकतो.

शरीरात काय होतं?

पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. वाचलेल्या पेशी नव्या फांद्या फोडून अनाथ झालेले स्नायूही सांभाळतात. म्हणूनच मूल पुन्हा चालू लागतं. पण या पेशी वर्षानुवर्षं ओव्हरटाइम करतात आणि साधारण 15 ते 40 वर्षांनी थकतात, फांद्या गळू लागतात. विषाणू परत आलेला नसतो आणि हा त्रास संसर्गजन्य नाही.

ओळखायचं कसं?

नव्याने आलेला अशक्तपणा, न जाणारा थकवा, स्नायू-सांधेदुखी आणि थंडी सहन न होणं ही मुख्य लक्षणं. काहींना श्वास, झोप किंवा गिळण्याचा त्रास होतो. यासाठी एकच अशी चाचणी नाही. थायरॉइड, मधुमेह, मणक्यात दबलेली नस अशी इतर कारणं आधी तपासावी लागतात. कासारवाडीजवळ संत तुकारामनगरमध्ये महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे. कुठेही गेलात तरी पोलिओ झाला होता, हे स्वतःहून सांगा. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनाही सांगा.

फिजिओथेरपीत काय बदलतं?

'दुखेपर्यंत व्यायाम' इथे चालत नाही. थोडा व्यायाम, मग विश्रांती, मग पुन्हा थोडा. दुसऱ्या दिवशीही दुखणं किंवा अशक्तपणा राहिला, तर व्यायाम जास्त झाला असं समजायचं. पूर्ण झोपून राहणंही चुकीचं, त्याने उरलेले स्नायू झिजतात. कोमट पाण्यातला व्यायाम अनेकांना सोसतो. तरुणपणी फेकून दिलेलं कॅलिपर किंवा काठी पुन्हा वापरणं ही हार नाही, त्यामुळे ताकद वाचते.

नोकरीचं काय?

नोकरी जाईल या भीतीने अनेक जण त्रास लपवतात. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करणं बंधनकारक आहे. बसून करता येईल असं काम किंवा मधली विश्रांती मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे.

आज हे महत्त्वाचं का?

भारतात वाइल्ड पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 मध्ये हावड्यात आढळला आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. नव्या डॉक्टरांना आता पोलिओ फारसा दिसत नाही. पण 1970-80 च्या दशकात पोलिओ झालेली मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर 'जोर लाव' म्हणण्याआधी हे त्यांना पाठवा.