किरायानामा: दोन्ही बाजूंची माणसे आपलीच

भाड्याच्या घराचा कायदा हा विषय आपल्या पत्रकात सहसा येत नाही. शाळा, भाषा, गणेशोत्सव, वॉर्डातले पाणी यांवर आपण भरपूर लिहितो. पण समाजाची बैठक संपल्यावर, चहाच्या वेळी, हळू आवाजात जी गाऱ्हाणी कानावर येतात त्यांतली बरीचशी घराची आणि भाड्याची असतात. एका बाजूला लष्कर, जनकगंज, दौलतगंज भागातले जुने वाडे आणि त्यांचे वयस्क मालक. दुसऱ्या बाजूला नोकरीसाठी आलेली, दोन खोल्या शोधत फिरणारी तरुण कुटुंबे. दोन्हीकडची आडनावे आपलीच आहेत. म्हणून या प्रश्नावर मालकांची बाजू किंवा किरायेदारांची बाजू, अशी एकच बाजू धरून बसणे ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला परवडणारे नाही.

१९६१ च्या मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियमाच्या छायेत आपल्या दोन पिढ्या गेल्या. घरांची टंचाई होती, आणि मालकाच्या लहरीवर कुणाचा संसार रस्त्यावर येऊ नये हा त्याचा हेतू चांगलाच होता. कलम १२ मध्ये सांगितलेल्या कारणांखेरीज किरायेदाराला काढता येत नाही, आणि त्यासाठीही दावा लावावा लागतो. विधवा, निवृत्त सरकारी नोकर, अपंग अशा मालकांसाठी पुढे कलम २३-अ ची वेगळी वाट काढली गेली. पण वाट असणे आणि मुक्कामाला पोचणे यांत फरक असतो. तारखांवर तारखा पडत राहिल्या, भाडे जुनेच राहिले, आणि त्या भाड्यातून पावसाळ्यापूर्वी कौलेसुद्धा फिरवून होईनात. मालक डागडुजी करीना, किरायेदार जागा सोडीना. भिंत पडली तर ती दोघांच्याही अंगावर पडते, हे मात्र दोघेही विसरले.

याची दुसरी बाजू म्हणजे कुलुपे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. ती सगळीच भीतीपोटी रिकामी होती असे नाही. पण ‘एकदा दिलेले घर परत मिळेल का’ ही धास्ती आपल्या ओळखीच्या किती घरांना कुलूप लावून आहे, ते प्रत्येकाने आपल्या गल्लीत मोजून पाहावे.

सुधारणेची भाषा नवी नाही. २००५ च्या जवाहरलाल नेहरू नागरी नवीकरण योजनेतच राज्यांनी भाडे कायदे सुधारावेत अशी अट होती. पुढे २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नमुना किरायेदारी कायदा मंजूर केला. नमुनाच, कारण जमीन आणि भाडे हा राज्यसूचीतला विषय आहे. विधानसभेने केल्याशिवाय तो कुठेही लागू होत नाही. आपल्यापासून शंभर किलोमीटरवरच्या झाशीत, म्हणजे उत्तर प्रदेशात, १९७२ चा कायदा बाजूला सारून २०२१ मध्येच नवा कायदा झाला. तिथे राहत्या घराचे भाडे वर्षाला ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही.

नमुना कायद्यात काय आहे? करार लेखीच हवा, आणि दोन महिन्यांत तो भाडे प्राधिकरणाला कळवायचा. राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नाही. करारात ठरलेल्या वाढीखेरीज भाडे वाढवायचे तर तीन महिने आधी लेखी सूचना. घरात यायचे तर मालकाने चोवीस तास आधी सांगायचे. भांडण झाले म्हणून नळ किंवा वीज तोडायची नाही. उलट मुदत संपूनही किरायेदार हलला नाही, तर पहिले दोन महिने दुप्पट आणि त्यानंतर चौपट भाडे. भाडे न्यायालयाने प्रकरण साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा.

आम्ही बँकेत काउंटरवर बसणारे. त्यामुळे कलमांपेक्षा आकडे आम्हाला लवकर समजतात. आपली मुले नोकरीला बंगळूरला जातात. तिथे दहा महिन्यांचे डिपॉझिट मागण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. वीस हजार भाडे म्हणजे दोन लाख डिपॉझिट. दोन महिन्यांची मर्यादा असती तर चाळीस हजारांत भागले असते. उरलेल्या एक लाख साठ हजारांवर सहा टक्के व्याज धरले तरी वर्षाला ९,६०० रुपये होतात. हे व्याज किरायेदाराने मालकाला गुपचूप दिलेले जास्तीचे भाडेच आहे.

लेखी कराराचेही तसेच. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची रजिस्ट्री १९०८ च्या नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. ती टाळायला आपण अकरा महिन्यांचा कागद करतो, आणि पुष्कळ ठिकाणी तोही करत नाही. ‘आपलीच माणसे, कागद कशाला?’ असे म्हणतात. मग किरायेदाराला पत्त्याचा पुरावा मिळत नाही, आणि मालकाला कर्ज हवे असते तेव्हा भाड्याचे उत्पन्न दाखवता येत नाही. कागद नसल्याचा तोटा दोघांचा असतो.

तरीही हा नमुना जसाच्या तसा उचलावा असे आम्ही म्हणणार नाही. त्यात चार उणिवा दिसतात.

पहिली, किरायेदाराला संरक्षण आहे ते कराराच्या मुदतीपुरते. करार अकरा महिन्यांचा असेल तर बाराव्या महिन्यात काय? मुले शाळेत जाणाऱ्या कुटुंबाला दरवर्षी बिऱ्हाड हलवायला लावणारा कायदा अपुरा आहे.

दुसरी, प्राधिकरण डेप्युटी कलेक्टर दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आणि न्यायालय अपर कलेक्टरकडे. निवडणूक, बंदोबस्त, पूर, जमिनीचे तंटे हे सगळे याच अधिकाऱ्यांच्या माथी असते. स्वतंत्र माणूस आणि स्वतंत्र दप्तर दिले नाही, तर साठ दिवस कागदावरच राहतील.

तिसरी, नवा कायदा जुन्या किरायेदारीला हात लावत नाही. म्हणजे वाड्यातल्या आजी आणि त्यांचे चाळीस वर्षांचे किरायेदार जिथे होते तिथेच. त्यांच्यासाठी टप्प्याटप्प्याने भाडेवाढ आणि त्या बदल्यात दुरुस्तीची सक्ती, असा मध्यममार्ग हवा.

चौथी उणीव बोलायला अवघड आहे. जात, धर्म, खाणेपिणे विचारून घर नाकारण्याबद्दल या नमुन्यात एक शब्द नाही. परप्रांतात आपल्या मुलांना ‘कुठले तुम्ही?’ असे विचारून दार लावले की आपण चिडतो. तोच प्रश्न आपण आपल्या दारात विचारतो, हेही मान्य करायला हवे.

याला जोडूनच लीजचा प्रश्न आहे. विकास प्राधिकरण किंवा हाउसिंग बोर्डाच्या लीजवरच्या प्लॉटवर ज्यांनी घर बांधले, त्यांच्यातले बरेच जण स्वतःला पूर्ण मालक समजतात. लीजची मुदत संपत आली आणि नूतनीकरण झालेले नसले की कर्ज अडते, विक्री अडते, वारसाच्या नावावर घर चढवणे अडते. वडील गेल्यावर लीजडीड शोधत बसण्यापेक्षा आजच कपाटातून काढून त्यावरची तारीख वाचावी.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, आपण विचारावे: भाडे प्रकरणांसाठी स्वतंत्र अधिकारी देणार का? डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा आणि मुदतीत नूतनीकरणाची हमी देणार का? जुन्या वाड्यांसाठी काय करणार? ‘बघू’ हे उत्तर आपण बरीच वर्षे ऐकले आहे. यावेळी ते लिहून घ्यावे.

आणि सरकारची वाट न पाहता संस्थेला एक गोष्ट करता येईल. सोप्या मराठीत आणि हिंदीत किरायानाम्याचा एक मसुदा वकिलाकडून तपासून कार्यालयात ठेवावा. भाडे, वाढ, डिपॉझिट, दुरुस्ती कुणाची, सूचना किती दिवसांची, एवढे पाच मुद्दे त्यात पुरेत. दर महिन्याला पावती द्यावी आणि घ्यावी. यासाठी भोपाळहून परवानगी लागत नाही. नाती टिकवायची असतील तर व्यवहार चोख हवा, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. म्हणून तर घरात रोजकीर्द लिहिली जात असे.