धूळ मालकाची, पुरावा मात्र कामगाराने द्यायचा!

सिलिकॉसिस हा दैवाने येणारा रोग नव्हे. दगडखाणी, क्वार्ट्झ दळणारे कारखाने, स्लेट-पेन्सिलीचे उद्योग येथील सिलिकाची धूळ श्वासावाटे फुप्फुसात शिरते आणि काम सुटल्यावरही रोग वाढतच राहतो. तो बरा करणारे औषध नाही. टाळता मात्र येतो. टाळण्याचा खर्च मालकवर्ग वाचवतो आणि त्याची किंमत कामगार आयुष्याने चुकवतो.

कायद्याच्या पुस्तकात या कामगाराला स्थान आहे. व्यावसायिक रोग हा अपघाताप्रमाणेच नुकसानभरपाईस पात्र, हे तत्त्व १९२३ च्या कायद्याने मान्य केले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. परंतु हक्क मागू जाणाऱ्या कामगाराला दोन गोष्टी शाबीत कराव्या लागतात: रोग सिलिकॉसिसच आहे, आणि तो अमुक मालकाच्या कामावर जडला आहे. पहिल्या पायरीवर क्षयाचा शिक्का आडवा येतो. खोकला, धाप, घटते वजन ही लक्षणे दोन्ही रोगांत सारखी. त्यातच सिलिकॉसिसच्या रुग्णाला क्षय लवकर गाठतो. खरे निदान व्हायचे तर रुग्णाने कोठे, किती वर्षे, कोणते काम केले हे विचारावे लागते. नेमके तेच विचारले जात नाही. दुसऱ्या पायरीवर हजेरीपत्रक मागितले जाते. ते ठेकेदाराने ठेवलेलेच नसते. नोंद न ठेवणाऱ्यालाच नोंद नसल्याचा लाभ मिळतो!

झाबुआ, अलिराजपूर, धार येथील आदिवासी गुजरातेत गोध्रा परिसरातील क्वार्ट्झ कारखान्यांत राबले. मृत २३८ कामगारांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये केली. ती रक्कम देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून मिळण्यास २०१६ उजाडले. पुरावा मान्य झाला तो मरणानंतर.

राजस्थान सरकारच्या २०१९ च्या धोरणाने प्रमाणित रुग्णास ३ लाख व मृत्यूनंतर वारसांस २ लाख रुपये ठरवले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु मदत सार्वजनिक निधीतून मिळाली म्हणून रोग देणारा मालक जबाबदारीतून सुटता कामा नये.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. धुळीच्या धंद्यात राबलेल्याचा रोग त्या धंद्यातूनच आला असे गृहीत धरावे; तसे नाही हे मालकाने शाबीत करावे. हजेरीपत्रक नसेल तेथे सहकामगारांची साक्ष ग्राह्य मानावी. जिल्हा रुग्णालयात मोफत तपासणी व्हावी आणि एका राज्यातील प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात चालावे.

संघटनेचे कामही येथूनच सुरू होते. प्रत्येक खाणीवर, प्रत्येक वस्तीत कामगाराचे नाव, कामाचे ठिकाण, ठेकेदार आणि वर्षे यांची वही युनियनने आजच घातली पाहिजे. मालक जी नोंद ठेवत नाही, ती कामगारवर्गाने स्वतः ठेवावी. उद्याच्या लढ्यात तोच पुरावा ठरेल.