खड्डे मोजणारी शाळा

जुलै लागला की शाळांवर वरून आकडा येतो. इतके खड्डे, इतकी रोपे. गुरुजी खड्डे खणून घेतात, पोरे ओळीने उभी राहतात, सरपंच रोपाला हात लावतात, फोटो निघतो. १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला, तेव्हापासून रीत तीच, फक्त आकडा फुगत गेला. २०१६ साली राज्याचा संकल्प २ कोटी झाडांचा होता, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी. (देवही तेवढेच!) त्या झाडांचे काय झाले हे तपासायला विधिमंडळाची समिती नेमण्याची घोषणा २०२१ साली सभागृहातच करावी लागली.

मुलांनी झाडे लावू नयेत असे आमचे म्हणणे नाही. यातून पोर शिकते काय, एवढाच आमचा सवाल आहे. जुलैत लावलेले रोप पावसाळाभर तगते. त्याची परीक्षा पुढे असते. उलंगवाडी झाली की ढोरे मोकळी सुटतात. एप्रिल-मेमध्ये काळ्या जमिनीला हातभर खोल भेगा पडतात आणि कोवळी मुळे तुटतात. नेमकी तेव्हा शाळेला सुट्टी! विदर्भात शाळा उघडते जूनच्या अखेरीस. तोवर रोपाची काडी झालेली असते. मग त्याच खड्ड्यात नवे रोप, नवा फोटो. तीन वर्षे हे पाहिलेले पोर एकच धडा घेते, की झाड लावायचे असते, जगवायचे नसते.

जरा कुरखेड्याकडे बघा. मार्चमध्ये मोहफूल पडू लागले की तिथले पोर पहाटे आईबरोबर टोपली घेऊन झाडाखाली असते. उन्हाळ्यात तेंदूपाने. वणवा लागला तर घरात काय कमी पडते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. साग तोडल्या बुंध्यातून फुटतो, तेंदू आणि पळस मुळातून फुटतात. आग आणि चराई आवरली की जंगल आपले आपण उठते. तरी खड्ड्यांचा कोटा जंगलाच्या कडेच्या शाळेलाही चुकत नाही.

शेजारच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ च्या एप्रिलात बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. राखणारा तोच, विकणारा तोच. तिथल्या पोराला झाड राखा म्हणून वेगळे सांगण्याची गरज काय?

आणि आपल्या कापूस-ज्वारीच्या पट्ट्यात? धुरे उघडे पडले. झाडाच्या सावलीत पऱ्हाटीचे दोन तास जातात हे खरेच, पण तेवढेच कारण नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने साग, मोह, आंबा, चिंच ही झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. बाप पोराला सांगतो, साग लावू नको, म्हातारपणी कचेरीच्या खेटा पडतील. गुरुजी सांगतात, झाडे लावा. पोर बापाचे ऐकते, आणि बरोबरच करते. २०१७ साली केंद्राने वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला. जे बांबूला जमले ते शेतातल्या सागाला का जमू नये? ही मागणी पर्यावरणाचीच आहे, असे आम्ही मानतो.

शाळेपुरते म्हणाल तर कडुनिंब घ्या. शाळा उघडते त्याच सुमारास निंबोळी पडते. तिचे बी फार दिवस टिकत नाही, काही आठवड्यांत उगवण घटते. म्हणून पोरांनी निंबोळ्या वेचाव्यात, गर धुवावा, सावलीत सुकवून लगेच बापाच्या धुऱ्यावर टोबाव्यात. पिशवीतल्या रोपाचे सोटमूळ बुडाशी वेटोळे घालते, तर जागेवर उगवलेले सरळ खाली ओलीकडे जाते. भोवती बोराटीचे काटे लावावेत. एका पोराला एकच झाड, आणि शाळेने गुण द्यायचे ते तिसऱ्या उन्हाळ्यानंतर. उरलेल्या निंबोळ्या वाळवून ठेवल्या तर पऱ्हाटीवरच्या ५ टक्के अर्काला कामी येतात.

जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावच्या शाळेने मागच्या तीन पावसाळ्यांत किती रोपे लावली आणि आज किती उभी आहेत, हे दोन आकडे आणा. मोजायला पोरांनाच पाठवा.