आरओ मेपलच्या रसासाठी आहे, काहिलीसाठी नाही



मागच्या फेब्रुवारीत मी लेकीकडं अमेरिकेत, व्हरमाँट राज्यात होतो. तिथनं एक व्हिडिओ टाकला होता. प्लॅस्टिकचं पिंप, घरच्या पिण्याच्या पाण्याच्या आरओला असतात तशी चार पांढरी नळकांडी, एका नळीतून स्वच्छ पाणी आणि दुसरीतून मेपल झाडाचा घट्ट झालेला रस. खाली लिहिलं होतं, ‘जळण दोन तृतीयांशानं कमी.’

तो व्हिडिओ आता आपल्या भागात गुऱ्हाळमालकांना दाखवला जातोय. एक माणूस गावोगाव फिरतोय आणि म्हणतोय, हेच मशीन उसाच्या रसाला लावा, ७५ टक्के जळण वाचेल. किंमत सहा लाख. परवा माझ्या चुलतभावाचाच फोन आला, “दादा, तुझाच व्हिडिओ दाखवला त्यानं. दीड लाख ॲडव्हान्स देऊ का?”

म्हणून ही पोस्ट. व्हिडिओ खरा आहे. मशीन मी स्वतः जोडलंय. पण त्याचा गुऱ्हाळाशी लावलेला संबंध साफ खोटा आहे. का, ते आकड्यांनिशी सांगतो. पोस्ट लांब आहे, पण सहा लाखांपेक्षा स्वस्त आहे.

आधी मेपलचं समजून घ्या. थंडी सरताना रात्री बर्फ पडण्याइतकी गारठ आणि दिवसा शून्याच्या वर ऊन, असं हवामान काही आठवडे असतं. तेव्हा झाडाच्या खोडाला बोटभर खोल भोक पाडून तोटी मारतात आणि रस ठिबकतो. हा रस दिसायला पाणी, चवीला पाणी, जिभेच्या टोकावर किंचित गोड. ब्रिक्स फक्त २. आपले द्राक्षवाले १८ ब्रिक्सच्या आत घड तोडायला तयार नसतात, इथं सुरुवातच २ पासून. आणि पाक व्हायला लागतो ६६ ब्रिक्स. तिथले लोक सोपा हिशोब करतात, ८६ ला रसाच्या ब्रिक्सनं भागायचं. २ ब्रिक्सचा रस असेल तर ४३ लिटर रसाचा १ लिटर पाक.

किलोत बघा. १०० किलो रसात साखर २ किलो. पाक होतो ३ किलो. म्हणजे ९७ किलो पाणी नुसतं हवेत घालवायचं. पाणी उकळीला आल्यावरसुद्धा त्याची वाफ करायला किलोमागं ५४० किलोकॅलरी लागतात, त्यात सवलत नाही.

लेकीच्या घरामागं बारा झाडं आहेत. चांगल्या दिवशी १०० लिटर रस मिळतो. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी विटांच्या चुलीवर सपाट भांडं ठेवून तो आटवला. तासाला आठ लिटर पाणी जायचं. बारा तास. लेक आणि जावई आळीपाळीनं रात्र जागले. पन्नासेक किलो वाळलं लाकूड गेलं आणि हातात आला ३ किलो पाक. गुऱ्हाळाच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे बघवत नाही.

म्हणून आरओ. घरच्या आरओला दोन नळ्या असतात. एकीतलं शुद्ध पाणी आपण पितो आणि दुसरीतलं रिजेक्ट मोरीत सोडतो. इथं उलटं करायचं. शुद्ध पाणी बाजूला काढायचं आणि रिजेक्ट जपायचं, कारण साखर सगळी रिजेक्टमध्ये.

जोडणी अशी केली. खाण्याच्या दर्जाचं पिंप, त्यापुढं ५ मायक्रॉनचा फिल्टर, मग २४ व्होल्टचा घरगुती बूस्टर पंप, मग १०० जीपीडीचे चार मेम्ब्रेन. पहिल्याचं रिजेक्ट दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात, असं ओळीनं. चारींच्या शुद्ध पाण्याच्या नळ्या एकत्र करून वेगळ्या पिंपात. कार्बन फिल्टर काढून टाकला, कारण त्याचं काम क्लोरीन धरायचं आणि झाडाच्या रसात क्लोरीन नसतं. घरच्या आरओतला फ्लो रिस्ट्रिक्टरही काढला आणि शेवटी बारीक सुईचा व्हॉल्व्ह नि प्रेशर गेज बसवला. व्हॉल्व्ह आवळत आवळत दाब ७ किलोवर आणायचा. नवीन मेम्ब्रेनमध्ये टिकवायचं रसायन असतं, म्हणून आधी तासभर साधं पाणी सोडून ते फेकून दिलं. रोज काम झालं की निघालेल्या शुद्ध पाण्यानंच सगळं धुवायचं. क्लोरीन टाकलेलं नळाचं पाणी लावलं तर मेम्ब्रेन खराब होतो. एक रात्र मी सगळं बाहेर ठेवलं आणि सकाळी एक हाऊसिंग बर्फानं तडकलेलं. त्यानंतर रोज घरात.

निकाल असा. पहिल्या फेरीत १०० लिटरचे ५० लिटर झाले, ब्रिक्स ४. दुसऱ्या फेरीत ३३ लिटर, ब्रिक्स ६. सहाच्या पुढं धार मंदावली म्हणून थांबलो. निघालेल्या पाण्यावर रिफ्रॅक्टोमीटर शून्य दाखवत होता. अडीच तास लागले, पंपाला वीज लागली युनिटचा दहावा हिस्सा. उरलेलं तीस लिटर पाणी चुलीवर चार तासांत गेलं. पन्नास किलोच्या जागी पंधरा किलो लाकूड.

शेजारचे एक म्हातारे गृहस्थ बघायला आले आणि नाक मुरडून गेले. म्हणाले, यंत्रातून काढलेला पाक खरा पाक नाही, आगीवर आटवायची परंपरा आहे. हे बोलणं आपल्याकडंही ऐकू येतं, म्हणून उत्तर देतो. जेम्स स्मिथ नावाचा एक माणूस १७५५ मध्ये तिथल्या मूळनिवासी लोकांच्या हाती सापडला आणि काही वर्षं त्यांच्यात राहिला. त्याच्या १७९९ साली छापलेल्या आठवणींत आहे, की पुरेशी मोठी भांडी नव्हती तेव्हा त्या बाया रस उथळ भांड्यात रात्री गोठू द्यायच्या आणि सकाळी वरचा बर्फ फेकून द्यायच्या. यानं विचारलं, साखर तर नाही ना फेकत? त्या म्हणाल्या, नाही, गोठतं ते पाणी, साखर गोठत नाही. म्हणजे आगीशिवाय पाणी काढायची युक्ती आरओच्या दोनशे वर्षं आधीपासून तिथं होती. व्हरमाँट विद्यापीठाच्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्रानं साध्या रसाचा आणि आरओनं ८ ब्रिक्स केलेल्या रसाचा पाक शेजारी शेजारी बनवून तपासला, चवीत लक्षात येण्याजोगा फरक सापडला नाही. रंग आणि वास शेवटच्या उकळीत येतात आणि ती उकळी आम्हीही दिली. तेव्हा यंत्र लावलं म्हणून माल नकली, हे मला मान्य नाही.

पण यंत्र आहे म्हणून ते कुठंही चालेल, हेही मान्य नाही. आता काहिलीकडं येऊ.

साखरेचं पाणी आणि साधं पाणी यांच्यामध्ये मेम्ब्रेन ठेवला, की साखर पाण्याला आपल्याकडं ओढते. आरओमध्ये आपण त्या ओढीच्या उलट पाणी ढकलतो. साखर जितकी जास्त तितकी ओढ जास्त. २ ब्रिक्सला ही ओढ साधारण दीड किलो दाबाएवढी. ४ ला पावणेतीन. ६ ला चार. ८ ला साडेपाच. माझा पंप सात किलोचा, म्हणून सहाच्या पुढं तो दमला. उसाचा रस चरकातून निघतो तोच १८ ब्रिक्स. तिथं ओढ १४-१५ किलोच्या वर. सात किलोचा पंप लावून उसाच्या रसातून एक थेंब पाणी निघणार नाही. उलट पलीकडं पाणी असेल तर तेच रसात येईल.

आता कोणी म्हणेल, आमच्याकडं फवारणीचा एचटीपी आहे, तीस किलो दाब देतो. लावा. घरगुती प्लॅस्टिक हाऊसिंग एवढ्या दाबासाठी बनवलेलंच नसतं. मग स्टीलचं हाऊसिंग, मोठा औद्योगिक मेम्ब्रेन, रसाला चालेल असा पंप घ्या. एवढं करून तीस किलो दाबानं रस २५ ब्रिक्सपर्यंत जाईल, पुढं पुन्हा तीच ओढ आडवी येते. १०० किलो रसाचे ७२ किलो झाले. गुळासाठी एकूण ८० किलोच्या आसपास पाणी काढायचं असतं, त्यातलं २८ गेलं. म्हणजे सगळं बिनचूक चाललं तरी एक तृतीयांश. ७५ टक्के नाही. तो ७५ चा आकडा कुठून आला तेही सांगतो. मोठे मेपलवाले २ ब्रिक्सचा रस ८ वर नेतात, त्यात पाऊण पाणी जातं. तो आकडा उचलून उसाला चिकटवलाय.

बरं, बिनचूक चालेल का? मेपलचा रस पाण्यासारखा नितळ, ४ अंशांचा, दिवसभर टिकतो. उसाच्या रसात माती, चिपाडाचा भुसा, मेण, चिकट द्रव्यं. आपण काहिलीत भेंडीचा चिकट रस घालून मळी काढतो ती हीच घाण. ती तापल्यावर वर येते आणि आरओ मात्र तापवायच्या आधी लावायचा. म्हणजे ती सगळी मेम्ब्रेनवर बसणार. त्याआधी आणखी एक सूक्ष्म गाळणी लावावी लागेल, तिचा खर्च वेगळा. रस तीस अंशांचा, काही तासांत आंबायला लागतो. पिंपात थांबलेला रस आंबला तर गूळ धरत नाही, हे गुळव्याला सांगायला नको. प्रयोगशाळेत उसाचा रस असा घट्ट करता येतो, त्याबद्दल वाद नाही. पण ती निगा गुऱ्हाळावर, चुलवाणापुढं घामाघूम झालेल्या माणसाला जमणार आहे का, हा प्रश्न आहे.

आणि वाचणार काय? मेपलवाल्याला किलोभर पाकासाठी ३२ किलो पाणी आटवायचंय आणि लाकूड तोडून, फोडून, वर्षभर वाळवून आणायचंय. गुऱ्हाळवाल्याला किलोभर गुळामागं चार-साडेचार किलो पाणी आटवायचंय आणि जळण त्याच उसाचं चिपाड. त्याचं पाणी आठपट, आपलं जळण घरचं. त्याला आरओ सोनं आहे, आपल्याला पांढरा हत्ती.

चिपाडालाही किंमत आहे, हे मान्य. काही ठिकाणी चिपाड पुरत नाही म्हणून चुलवाणात टायर आणि प्लॅस्टिक जातं, ते मी पाहिलंय आणि ते बंद व्हायलाच हवं. पण त्याचा उपाय सहा लाखांच्या मशीनमध्ये नाही. चरकातून निघालेलं चिपाड जवळपास निम्मं पाणी असतं. ते ओलं जाळलं तर आधी त्याच्याच पाण्याची वाफ करण्यात जाळ जातो. चांगलं वाळवून, पावसापासून झाकून ठेवा. चुलवाणाची फुटकी वीट बदला, हवा यायची वाट मोकळी करा. एकाच काहिलीचं गुऱ्हाळ असेल तर धुराड्याकडं जाणाऱ्या जाळावर दुसरं भांडं बसवून पुढच्या आदणाचा रस तापवून घ्या. मेपलवालेही भांड्याखालून जाणारा जाळ असाच लांबवर खेळवतात. तिकडनं काही उचलायचंच असेल तर हे उचला.

कृषी पदवीधर मित्रांनो, तुमच्यावर माझा थोडा राग आहे. ओस्मोसिस तुम्ही पहिल्या वर्षाला शिकलात. त्या माणसाच्या बैठकीला तुमच्यातले दोघं हजर होते असं कळलं. १८ ब्रिक्सला किती दाब लागेल, एवढा एक प्रश्न विचारला असता तर बैठक तिथंच संपली असती.

ज्याला तरीही घ्यायचंय त्यानं ॲडव्हान्स देण्याआधी तीन गोष्टी मागा. एक, तुमच्याच गुऱ्हाळावर, ताज्या रसावर सलग आठ तास चालवून दाखवणं, आणि आधीचा नि नंतरचा ब्रिक्स तुमच्या हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर. दोन, गेजवर दिसणारा दाब. तीन, मेम्ब्रेन किती दिवसांनी बदलायचा आणि कितीला, हे सहीनिशी लेखी.

चूक माझीही आहे. ‘जळण दोन तृतीयांशानं कमी’ असं लिहिलं, पण कुठल्या रसाचं आणि किती ब्रिक्सचं ते लिहिलं नाही. ती ओळ आज बदलली. आता तिथं लिहिलंय, ‘२ ब्रिक्सच्या मेपल रसासाठी. उसाच्या रसाला लावू नका.’

चुलतभावानं ॲडव्हान्स दिलेला नाही. त्यानं आठ तास चालवून दाखवायला सांगितलंय. समोरच्यानं अजून तारीख दिलेली नाही.