पेटी की पिशवी?

येत्या जुलैत आमचे चिरंजीव मोटारसायकलने मनालीहून लेहला निघाले आहेत. घरात सध्या एकच वाद आहे : सामान ॲल्युमिनियमच्या पेट्यांत न्यायचे की कापडी पिशव्यांत? त्याचे मत पेटीला. पेटीला कुलूप लागते, पाऊस आत शिरत नाही, धाब्यावर जेवताना सारखे मागे वळून बघावे लागत नाही. तिन्ही मुद्दे खरे आहेत. सौ.चेही मत पेटीलाच. मी मात्र पिशवीच्या बाजूचा.

2008 साली मी याच रस्त्याने गेलो होतो. बुलेटच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या पेट्या, खास करून घेतलेल्या. बारालाचा खिंडीच्या अलीकडे दुपारी बर्फ वितळून ओढे रस्त्यावर येतात. अशाच एका ओढ्यातल्या गोट्यांवरून गाडी आडवी झाली आणि माझा पाय पेटीखाली सापडला. पेटी दबत नाही हा तिचा गुण; त्या क्षणी तोच दोष ठरला. दोन ट्रकवाल्यांनी गाडी उचलली. हाड वाचले, घोटा टम्म सुजला. पेटीचा कोपरा चेपून झाकण बसेना, ते लेहपर्यंत दोरीने बांधून नेले. कुलपाची मिजास तिथेच संपली.

मागचा मित्रही त्याच ओढ्यात पडला. त्याच्या कॅनव्हासच्या पिशवीने धक्का सोसला, पाय मोकळा राहिला. अर्थात रात्री सरचूच्या थंडीत त्याचे सगळे कपडे ओले होते आणि माझ्या धड राहिलेल्या पेटीतला स्वेटर त्याने घातला, हेही सांगायला हवे. पिशवी सायलेन्सरला टेकली तर जळते, हेही खरे.

म्हणून माझे म्हणणे इतकेच : रस्ता डांबरी, मुक्काम हॉटेलात, तर पेटी खुशाल न्यावी. जिथे गाडी पडणारच, तिथे पिशवी. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालावी, जड वस्तू तळाशी आणि पुढच्या बाजूला ठेवाव्यात, कागदपत्रे नि पैसे अंगावर. शिवाय रिकाम्या पेटीचेच वजन काही किलो भरते, आणि जागा दिसली की माणूस ती भरतोच. पिशवी निदान फुगून दाखवते.

हे सारे मी परवा जेवताना बोललो. चिरंजीव गप्प झाले. सौ.ने वाढता वाढता हात थांबवला. ''अहो, तेव्हा तर तुम्ही हॉटेलच्या पायरीवर पाय मुरगळला म्हणाला होतात!''

इतकी वर्षे झाकलेली गोष्ट पेटीपायी उघडी पडली. पण दुसऱ्या दिवशी चिरंजीव पिशव्या बघायला गेले, आणि त्यांच्या आईने पैसे दिले.